हेड साफ करून

तीन वेळा हेड साफ केलं मुबीनभाईनं.
काडीला कापूस, कापसाला स्पिरिट,
बेल्टसुद्धा नवा टाकला,
तरी गिटार खरखरतंच.
मग त्यानं चष्मा कपाळावर घेतला, कान टेपला लावला
नि म्हणाला, "मशीन में कुछ नै है बेटा.
उनोंच ऐसा बजाए."

परळी, मोंढ्याच्या कोपऱ्यावरचं दुकान, साल सत्त्याण्णव.
मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला,
इलेक्ट्रिकलला आम्ही तीनच मुली.
कॅसेट आमची नव्हतीच.
शिलाँगचा एक ट्रेनी इंजिनिअर थर्मलच्या गेस्ट हाऊसात
उशीखाली विसरून गेला,
बाबांनी घरी आणली,
इंग्रजी कानावर पडंल पोरीच्या, म्हणून.

कानावर पडलं ते इंग्रजी नव्हतं,
निदान आमच्या पाटोदेकर सरांचं तरी नव्हतं.
शब्द दातांत अडकलेले, अर्धे गिळलेले,
ज्याला आयुष्यभर "नीट बोल" म्हणून टोकलंय
त्यानं एकदाचं नीट न बोलायचं ठरवावं, तसे.

कव्हर झेरॉक्सचं, चेहरे शाईत बुडालेले.
ग्रंज हा शब्द मला पुढं सात वर्षांनी भेटला.
तेव्हा माझ्याकडं फक्त राख होती:
दोरीवरच्या ओढणीवर, दुधाच्या झाकणावर,
खिडकीत ठेवलेल्या वहीवर,
बोट फिरवलं की नाव उमटायचं.
कुणीतरी गिटारवरची राख न झटकताच
वाजवायला बसलं होतं.

आणि कडवं हळू, इतकं हळू की आपणच श्वास आवरतो,
मग अचानक सगळं अंगावर.
लोकांना म्हणे त्याचा धक्का बसला.
आम्हाला कसला बसतोय?
रात्री दोनला बॉयलरची वाफ सोडायचे,
अख्खी कॉलनी ताडकन उठायची,
लेकरं रडायची, कुत्री जिन्याखाली,
नि मग ती शांतता,
जिच्यात घड्याळसुद्धा दबकत चालतं.
ती शांतता कुणी गाण्यात ठेवंल
असं वाटलं नव्हतं.

आई म्हणायची, "पोटात दुखायलंय का गं त्याला?
ओवा द्या म्हणावं."
मी हसायचे, आवाज कमी करायचे.

बाबा कोल हँडलिंगला. डाव्या कानानं कमी यायचं.
एका सकाळी नाईट करून आले, बूट न काढता
टेपपुढं उकिडवे बसले, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला.
बी साईड, तिसरं गाणं, सुरुवातीला नुसता बास नि ड्रम.
"बेअरिंग जायच्या आधी कन्व्हेअर असाच वाजतो," म्हणाले.
"आम्ही सांगतो. साहेब म्हणतो, चालू द्या."
गाणं संपेस्तोवर हात काढला नाही.
जाळीवर काळा पंजा उमटला,
तो आईनं दिवाळीला पुसला.

परवा पोरानं फोनवर तोच अल्बम लावून दिला.
"आई, हा रिमास्टर्ड. एकदम क्लीन."
क्लीन खराच. तारेवरून बोट सरकल्याचंही ऐकू येतं.
एक शब्दही कळला, जो पंचवीस वर्षं
मी चुकीचा म्हणत होते.
माझा चुकीचाच बरा होता.
पाचव्या गाण्यात आमच्या टेपनं फीत चावली होती,
मी चुरगळलेला तुकडा कापून चिकटपट्टी लावलेली,
तिथं एक ओळ नव्हतीच कधी.
आता आहे.
तिथं मी अजून श्वास घ्यायला थांबते
नि गाणं माझ्या पुढं निघून जातं.

"काय झालं?" पोरगं विचारतंय.
काही नाही रे.
कुणीतरी हेड साफ केलंय.